समेवर उचललेले पाय

चित्रकलेच्या इतिहासाच्या तासाला झॉर्झ सरा आला की दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं असं, की त्याने रंग पॅलेटवर न मिसळता शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवले आणि ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मिसळतात. दुसरं वाक्य पहिल्याच्या बोटाला धरून येतं. या शास्त्रीय काटेकोरपणापायी त्याची माणसं गोठली, पुतळे झाली. या दुसऱ्या वाक्याला पुरावा म्हणून ‘ल शाऊ’ हे चित्र हमखास पुढे केलं जातं. १८८९-९० मधलं हे तैलचित्र सुमारे १७० सेंटिमीटर उंच आहे आणि आज नेदरलँड्समधल्या ओटर्लो इथे क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे. विषय पॅरिसच्या रंजनगृहातला नाच. ‘शाऊ’ म्हणजे गोंगाट, धांगडधिंगा. कॅनकॅनचाच हा दांडगा अवतार. चार नर्तक रांगेत, बाई, पुरुष, बाई, पुरुष. प्रत्येकाचा एक पाय हवेत, सगळे पाय एकाच कोनात, सगळ्या चेहऱ्यांवर एकच हसू. सरा नाचाचं चित्र काढायला बसला आणि नाचाचा आराखडा काढून उठला, असा निकाल यावर दिला जातो.

सिल्वासात चित्रकला शिकवताना ही दोन्ही वाक्यं मी बरीच वर्षं फळ्यावर लिहिली आहेत. आज त्या दोहोंचं खंडन करायचं आहे. त्याआधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने मांडायला हवा, कारण तो काही अडाण्यांचा पक्ष नाही.

डोळ्यांत मिसळण्याची गोष्ट सराच्या शत्रूंनी पसरवलेली नाही, मित्राने सांगितली आहे. १८८६ साली ‘ला ग्रांद जात बेटावरचा रविवार’ हे त्याचं प्रचंड चित्र लोकांसमोर आलं तेव्हा फेलिक्स फेनेओं या तरुण समीक्षकाने त्यातल्या गवताची रंगवार फोड करून दाखवली. या शैलीला दिलेलं नवदृक्प्रत्ययवाद हे नावही त्याचंच. त्याच्या विवेचनात रंग दृष्टिपटलावर एकत्र येतात, ही कल्पना मध्यवर्ती आहे. थंडपणाच्या आरोपालाही आधार आहे. शार्ल आंरी नावाच्या विद्वानाने १८८५ मध्ये रेषा आणि रंग यांच्या दिशांचा सुख-दुःखाशी संबंध जोडणारं सौंदर्यशास्त्र मांडलं, सराने ते अभ्यासलं. १८९० च्या ऑगस्टमध्ये मॉरिस बोबूर या लेखकासाठी लिहिलेल्या पत्राच्या मसुद्यात सराने आपले नियमच नोंदवले आहेत. आनंद हवा तर छटा उजळ, रंग उष्ण, रेषा क्षितिजावरून वर चढणाऱ्या. शांतता हवी तर सगळं समतोल आणि रेषा आडव्या. दुःख हवं तर छटा गडद, रंग थंड, रेषा खाली उतरणाऱ्या. ‘ल शाऊ’ त्याच वर्षी वसंतात प्रदर्शित झालं होतं. मग विरोधक विचारतो, की आनंद असा पाककृतीसारखा लिहून ठेवणाऱ्या माणसाच्या चित्रात आनंद येणार कुठून? त्यातच उजव्या खालच्या कोपऱ्यात डुकरासारख्या नाकाचा एक प्रेक्षक मान वर करून पाहतो आहे. म्हणजे हा उपहास झाला. विकत मिळणाऱ्या करमणुकीवर चित्रकाराने मारलेला थंड चाबूक झाला.

हा पक्ष भक्कम दिसतो. त्याची पहिली वीट काढली की काय होतं ते पाहू.

आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत न्यूटनची तबकडी केलेली आहे. पुठ्ठ्याच्या गोलावर सात रंग भरायचे, मधून दोरा ओवायचा, जोरात फिरवायचं आणि पांढरा रंग दिसतो असं वहीत लिहायचं. खरं सांगायचं तर पांढरा कधी कुणाला दिसला नाही. राखेसारखा करडा दिसला. तो आपल्या हातचा दोष नव्हता. प्रकाश प्रकाशात मिळवला तर उजळपणाची बेरीज होते, पण रंगवलेल्या पृष्ठभागाचे तुकडे डोळ्यांत मिसळले तर त्यांच्या उजळपणाची सरासरी निघते. ऑग्डेन रूड या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने असल्याच फिरत्या तबकड्यांवर मोजमापं केली आणि १८७९ च्या आपल्या ग्रंथात ती मांडली. सराने हा ग्रंथ अभ्यासला होता. आता विचार करा. निळा आणि नारिंगी हे परस्परविरोधी रंग. त्यांचे ठिपके शेजारी ठेवून ते खरोखरच डोळ्यांत विरघळू दिले तर हाती काय लागेल? तीच शाळेतली राख. आयुष्यभर उजेडाच्या मागे धावलेला चित्रकार राख मिळवण्यासाठी एवढा खटाटोप करील का?

दुसरी अडचण मोजपट्टीची आहे. एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, ही चांगल्या डोळ्याची दोन बिंदू वेगळे ओळखण्याची साधारण सीमा. ब्रशचा फटकारा चार मिलिमीटरचा धरला तर तो शेजाऱ्यात पूर्ण विरघळायला तेरा-चौदा मीटर मागे जावं लागेल. रंगांच्या बाबतीत डोळा थोडा आधी हार मानतो, म्हणून दहा मीटर धरू. माणसाच्या उंचीएवढं चित्र दहा मीटरवरून कोण पाहतो? आपण तीन-चार मीटरवर उभे राहतो, आणि तिथे ठिपके मिसळलेले नसतात. ते पूर्ण सुटेही दिसत नाहीत. त्या मधल्या अंतरावर रंग थरथरतात, एकमेकांवर हलकेच लुकलुकतात. ही थरथर रूडने नोंदवलेली आहे आणि तिच्यात त्याला रंगाचं सौंदर्य दिसलं होतं. सराला हवी होती ती हीच.

वर्गात हे आम्ही करून पाहिलं. ड्रॉइंग शीटभर चार मिलिमीटरचे निळे आणि नारिंगी ठिपके भरले, कागद व्हरांड्याच्या टोकाला टांगला आणि एकेक पाऊल मागे गेलो. पंधरा पावलांच्या पुढे कागद मळकट झाला. पाच-सहा पावलांवर मात्र त्याच्याकडे स्थिर पाहवेना. एका मुलीने विचारलं, “मॅडम, कागद हलतोय का?” वारा अजिबात नव्हता.

शिवाय पाठ्यपुस्तकं एका दमात दोन परस्परविरोधी गोष्टी सांगतात, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. सराने शेव्रेलचा समकालिक विरोधाचा नियम वापरला, असंही तीच पुस्तकं म्हणतात. मिशेल-यूजेन शेव्रेल हा गोब्लँ या गालिचे विणणाऱ्या कारखान्यातल्या रंगकामाचा प्रमुख. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार आली, तेव्हा दोष धाग्यात नसून त्याच्या शेजारच्या रंगांत आहे हे त्याने ओळखलं आणि १८३९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याचं सांगणं असं, की शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना आपापल्यापासून दूर ढकलतात; नारिंगीशेजारी निळा अधिक निळा दिसतो. पण त्यासाठी दोघे वेगळे दिसले पाहिजेत. मिसळले की शेजार संपला आणि विरोधही संपला. म्हणून शेव्रेल खरा मानायचा तर ठिपके डोळ्यांत विरघळतात हे मत सोडावं लागतं. सराचा सोबती पॉल सिन्याक याने १८९९ च्या आपल्या पुस्तकात स्पष्टच लिहिलं, की महत्त्व ठिपक्याला नाही, रंगांच्या विभागणीला आहे. विभागणी म्हणजे वेगळं ठेवणं.

मग इतक्या पिढ्यांना ते मिसळलेले का दिसले? माझ्या मते कारण साधं आहे, आपण चित्र पाहिलेलंच नाही. मूळ ‘ल शाऊ’ मीही पाहिलेलं नाही, मोठी छायाचित्रं पाहिली आहेत. आपल्या हाती येतो तो पुस्तकातला दहा सेंटिमीटरचा छाप. १७० चे दहा झाले, म्हणजे सतरा पट आकसलं. चार मिलिमीटरचा फटकारा पाव मिलिमीटरहूनही लहान झाला आणि ऑफसेट छपाईच्या जाळीचा ठिपकाही साधारण त्याच मापाचा असतो. म्हणजे सराचे ठिपके कागदावर उतरलेच नाहीत. त्यांच्या जागी छापखान्याच्या चार शाया आल्या, त्या मात्र खरोखरच डोळ्यांत मिसळतात. ठिपक्यांच्या या शैलीचं, बिंदुवादाचं, म्हणून जे वर्णन आपण पाठ करतो ते छपाईयंत्राचं आहे. थंडपणाचा अर्धा आरोपही तिथलाच, कारण थरथर काढून घेतल्यावर मागे आराखडाच उरणार.

उरलेला अर्धा आरोप रेषेवर आणि ठेवणीवर आहे. त्याचं उत्तर द्यायला मला पॅरिसहून सिल्वासाला परत यावं लागतं.

दमणगंगेच्या या खोऱ्यात, इकडे खानवेलपर्यंत आणि सीमेपलीकडे तलासरी-डहाणूपर्यंत, भात कापणीला आलं की पाड्यापाड्यावर तारपा वाजू लागतो. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचा लांब कर्णा असं हे वाद्य. तारपकरी ते श्वास न तोडता वाजवतो. तो मधे, आणि स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेला विळखा घालून त्याच्याभोवती फिरतात. पुढचा गडी घुंगुरकाठी जमिनीवर आपटतो. सूर बदलला की सगळी साखळी दिशा बदलते. तारपकऱ्याकडे पाठ करायची नाही, हा या नाचाचा दंडक. ज्याने हा नाच रात्री पाहिला आहे त्याला विचारा: लक्षात काय राहतं? कुणा एकाचं वेगळं अंगविक्षेपी कौशल्य राहतं का? राहतं ते हे, की पंधरा-वीस जणांचे पाय एका क्षणी उठले आणि एका क्षणी पडले. नाचाची सगळी झिंग त्या सारखेपणात असते. एखाद्याचा पाय वेगळ्या कोनात गेला तर नाच जिवंत होत नाही, तुटतो.

वारली चित्रात हा नाच कसा येतो ते तर आता महाराष्ट्रातल्या प्रत्येक पिशवीवर आणि चहाच्या कपावर दिसतं. पण पाहायचं तर जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत पाहावं. १९३४ साली तलासरी तालुक्यात जन्मलेले मशे डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्यात राहिले. लहानपणी आई गेल्यावर बोलणं थांबवून मातीत रेघा ओढणाऱ्या या मुलाने पुढे, लग्नाच्या चौकापुरती आणि सुवासिनींच्या हातात असलेली चित्रकला कागद-कापडावर आणली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांत आले आणि बाहेरच्या जगाला या चित्रांची ओळख झाली. मशेंना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री, आणि २०१८ च्या मेमध्ये ते गेले. त्यांच्या तारपा नाचात माणसं कशी आहेत? दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे, वर ठिपक्याएवढं डोकं, चार काड्यांचे हातपाय. शंभर माणसं काढली तरी शंभर वेळा तेच. सगळ्यांचा कल एकीकडे, पावलं सारखी. कुणालाही चेहरा नाही. सराला जो न्याय लावला जातो तो इथे लावला तर हा जगातला सर्वांत गोठलेला नाच ठरला पाहिजे. आणि तरीही आजवर एकाही पाहणाऱ्याने मशेंचं वेटोळं स्थिर आहे असं म्हटलेलं माझ्या कानावर नाही. ते गरगरतं. डोळा एका माणसावर टिकतच नाही. सारखेपणा त्याला पुढच्यावर ढकलतो, पुढचा त्याच्या पुढच्यावर. कंबर म्हणजे नुसता एक बिंदू असल्यामुळे प्रत्येक देह पडता पडता सावरल्यासारखा वाटतो. स्थिर चित्रात चाल आणायची तर आकृती मोडून-पिळून दाखवावी लागते हा समज आहे. आवर्तनाने ती अधिक पक्की येते.

मशेंना जे श्रेय आपण सहज देतो ते सराला नाकारण्याचं कारण काय?

कारण एक समजूत आहे. स्थिर चित्र म्हणजे धावत्या काळाचा कापलेला तुकडा, आणि तुकड्यात जेवढी अस्थिरता दिसेल तेवढी गती खरी, असं आपण छायाचित्रांच्या जमान्यात धरून चाललो आहोत. सराच्या काळातच एत्येन-ज्यूल मारे याने एका पट्टीवर चालत्या-उडत्या देहाच्या एकापाठोपाठच्या अवस्था टिपल्या होत्या. ‘ल शाऊ’मधले चार देह म्हणजे जणू तशाच चार अवस्था, असंही वाचण्याचा प्रयत्न झाला आहे. पण मारेच्या पट्टीत प्रत्येक देह वेगळा असतो, पाय एकदा खाली, मग अर्धा वर, मग पूर्ण वर. इथे चारही पाय पूर्ण वर आहेत. एका देहाचे चार क्षण या चित्रात नाहीत. चार देहांचा एक क्षण आहे, आणि तो क्षण कोणता हे सांगायला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: सम.

मैफलीत बसलेल्या कुणालाही सम समजावून सांगावी लागत नाही. तबला, गळा, टाळ आणि श्रोत्यांच्या माना एका बिंदूवर येऊन पडतात. तो बिंदू स्थिर आहे की गतिमान, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. आधीचं सगळं आवर्तन त्याच्याकडे धावत आलेलं असतं आणि पुढचं त्याच्यातून सुटतं. घुंगुरकाठी जमिनीवर पडते तो तारप्याचा असाच क्षण. ‘ल शाऊ’मध्ये सराने हाच क्षण पकडला आहे. डावीकडे संचालकाची काठी उठलेली, समोर पाठमोऱ्या वादकाच्या कॉन्ट्राबासची मान तिरपी वर गेलेली, पलीकडे बासरीवाला, आणि त्या तिरपेला समांतर पायांची ती चळत. बायकांच्या खांद्यांवरच्या फिती वर, पुरुषांच्या मिशांची टोकं वर, डोळ्यांचे आणि ओठांचे कोपरे वर. वादकापासून नर्तकापर्यंत सगळ्या रेषा एकाच मात्रेवर आलेल्या आहेत. या ठेवणीत सूत्र आहे, हे मी नाकारत नाही. तालातही सूत्र असतं, म्हणून कुणी त्रितालाला थंड म्हणत नाही.

यावर कुणी म्हणेल की सराचा हात मुळातच ताठ होता, त्याला तुम्ही सम म्हणून सजवता आहात. याचा निवाडा करणारं चित्र सरानेच काढून ठेवलं आहे. ‘ल शाऊ’च्या दोन वर्षं आधी, १८८७-८८ मध्ये, त्याने ‘सर्कसची परेड’ रंगवलं. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. तंबूबाहेर गॅसच्या दिव्यांखाली फुकट वाजवून तिकिटं खपवणारे वादक आणि समोर त्यांना पाहणारी माणसं. विषय तोच, विकाऊ करमणूक. तंत्र तेच, ठिपके. पण तिथे जवळजवळ सगळ्या रेषा उभ्या-आडव्या आहेत, रंग जांभळट अंधारात बुडालेले, आणि मधला ट्रॉम्बोनवाला खांबासारखा निश्चल उभा. ते चित्र थबकलेलं आहे, उदास आहे, आणि ते तसंच असायला हवं होतं. गोठवायचं कसं हे या माणसाला उत्तम ठाऊक होतं. दोन वर्षांनी त्याच हाताने उष्ण रंग आणि चढत्या रेषा निवडल्या त्या काहीतरी वेगळं सांगण्यासाठी. दोन्ही चित्रांना एकच विशेषण लावणारा समीक्षक चित्रं पाहत नाही, तंत्र पाहतो.

चेहऱ्यांचं काय? ते मुखवट्यांसारखे आहेत, हे खरंच आहे. पण मुखवटा म्हणजे भावाचा अभाव, हे कुणी ठरवलं? आमच्याकडे आणि जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात देव-दैत्यांची सोंगं मुखवटे घालून नाचतात. चेहरा झाकला की सोंग मरत नाही. भाव चेहऱ्यावरून उतरतो आणि खांद्यांत, गुडघ्यांत, पावलांत जातो; पाहणाराही मग पावलंच पाहू लागतो. सराने चौघांना एकच हसू दिलं आणि आपली नजर पायांकडे वळवली. सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयात काचेमागे टांगलेला मुखवटा बघून कुणी सोंगाबद्दल मत बनवू नये. तो नाचताना बघावा.

आता डुकराच्या नाकाचा तो प्रेक्षक. त्याला मी सोडून देणार नाही, कारण विरोधी पक्षाचा सर्वांत मोठा मोहरा तोच आहे. हा माणूस उपहासाने रंगवला आहे यात वाद नाही. तो तिकीट काढून आला आहे आणि त्याची नजर कशावर आहे हे लपलेलं नाही. पण प्रेक्षकाचा उपहास म्हणजे नाचाचा उपहास, ही उडी कशी मारली? मराठी वाचकाने तर ती मारूच नये. लावणीचं आपण काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे. पुढच्या रांगेतल्या फेटेवाल्याच्या नजरेवरून आपण बारीतल्या बाईची किंमत केली. तिच्या पायांतली लय, तिचा ढोलकीशी चाललेला सवाल-जबाब, अदाकारीसाठी तिने घेतलेली वर्षानुवर्षांची मेहनत, हे सगळं त्या नजरेखाली गाडून टाकलं आणि वर सभ्यपणाचा शिक्का मारला. शिट्टी मारणारा हलका होता, म्हणून नाचणारीही हलकी ठरली. पॅरिसच्या रंजनगृहात पाय उचलणाऱ्या बाया कष्टकरी घरांतल्या होत्या, पोटासाठी नाचत होत्या. त्यांच्या नाचाला कळसूत्री म्हणताना समीक्षक नकळत त्या कोपऱ्यातल्या माणसाच्याच खुर्चीत जाऊन बसतो, त्यालाही त्यांच्यात माणूस दिसत नाही. सराने तसं केलेलं नाही. त्याने उपहास कोपऱ्यात ठेवला, चौकटीने अर्धा कापला, आणि चित्राचा सगळा उजेड नाचणाऱ्यांना दिला. जूल शेरेच्या रस्त्यावरच्या भित्तिपत्रकांचा तो चाहता होता हेही विसरू नये. भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातीतल्या आनंदाला नाक मुरडणारा तो माणूस नव्हता.

मंडनाच्या बाजूने बोलताना एका मोहापासून मात्र मला दूर राहायचं आहे. वारली चित्र आणि सरा शेजारी ठेवले की काहींना लगेच स्फुरण चढतं: बिंदुवाद आपल्याकडे आधीपासूनच होता! तो नव्हता. वारली चित्रात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा एकच पांढरा असतो. तिथे रंगाची विभागणी नाही, कारण दुसरा रंगच नाही. चावून कुंचला केलेल्या बांबूच्या काडीने सुवासिनी जो ठिपका ठेवते तो दाणा असतो, मुंगी असते, पान असतं, डोकं असतं. तो कशाचा तरी ठिपका असतो. सराचा ठिपका कशाचाही नाही, तो फक्त प्रकाशाचा. पाड्यावरच्या नाचात प्रेक्षकही नसतो, कारण जो आला तो साखळीत शिरतो. मशेंच्या वेटोळ्याचं शेपूट उघडंच असतं. पॅरिसमध्ये तिकीट आहे, मंच आहे, खाली बसलेला डुकराच्या नाकाचा माणूस आहे. ही दरी बुजवून दोघांना एकच म्हणणं हा दोघांवरही अन्याय आहे. मी तारप्याचा साक्षीदार म्हणून उपयोग करते आहे, पूर्वज म्हणून नाही. त्याची साक्ष एवढीच, की सारखेपणाने नाच मरत नाही.

१८९१ च्या मार्चमध्ये सराचं पुढचं चित्र ‘सर्कस’ अपुऱ्या अवस्थेतच प्रदर्शनात लागलं. घोड्यावर तोल सावरणारी स्वारीण, हवेत उलटा झालेला कसरतपटू, सगळं वळणदार. प्रदर्शन चालू असतानाच, २९ मार्चला, तो वारला. वय एकतीस. त्याच्यामागे ‘शास्त्रज्ञ चित्रकार’ ही चिठ्ठी इतकी घट्ट चिकटली की शेवटच्या दोन-तीन वर्षांत तो सातत्याने नाच, घोडे, वाजंत्री आणि विदूषक रंगवत होता, याचा अर्थ काय हे विचारायचं राहून गेलं.

ज्यांना अजून पटलं नसेल त्यांनी वाचनालयातून या चित्राचा मिळेल तेवढा मोठा छाप आणावा आणि अंगठ्याने दोन गोष्टी झाकून पाहाव्यात. आधी उजव्या खालच्या कोपऱ्यातला प्रेक्षक झाका. चित्राचं काहीही अडत नाही. पाय तसेच उठलेले, बासरी तशीच चालू. मग अंगठा उचला आणि तो पाठमोरा कॉन्ट्राबासवाला झाका, ज्याचा चेहराही आपल्याला दिसत नाही आणि ज्याच्या पाठीमागे उभे राहून आपण हा नाच पाहत असतो. चारही पाय हवेतच राहतात, आणि खाली यायचं कधी हे त्यांना सांगणारं कुणी उरत नाही.